झाकणावर लिहिलं होतं

आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडली की आधी गुन्हेगार शोधतात, मग बिघाड. मिक्सर जळला, सासूबाईंनी जाळला. पाण्याची मोटर जळली, गड्यानं जाळली. माझी गाडी चढावर धापा टाकायला लागली तेव्हा तर शोधायचेही कष्ट पडले नाहीत. गाडी चालवतं कोण? मी. संपला विषय.

मी तेजस्विनी. सुरगाण्याच्या पलीकडे एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. घर मखमलाबादला. सकाळी सहाला निघते, कारण नऊला बायका लेकरं घेऊन लसीकरणाला येऊन बसलेल्या असतात. एसटीनं गेलं तर अकरा वाजतात, तेही तिच्या मनात आलं तर. थोडक्यात, गाडी आहे तर नोकरी आहे. दुसरीतल्या पोरालाही कळेल. माझ्या सासऱ्यांना, चिमाजी नानांना, तेवढं कळत नव्हतं.

"बाईच्या हातात गाडी दिली की हेच व्हायचं," नाना ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला ऐकवायचे. "गिअर कधी टाकायचा ते कळत नाय. इंजिनाचा पार जीव घेतला हिनं."

नवरा हर्षल आत येऊन हळूच विचारायचा, "तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस का गं?" या गृहस्थानं स्वतः दोनदा गाडी आमच्याच गेटला घासली आहे. तेव्हा मात्र गेट अरुंद होतं.

गाडीचं दुखणं असं: समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, सिग्नलला उभी राहिली की अंगात आल्यासारखी थरथर, आणि घाटात कितीही पाय दाबा, बाई पुढं सरकायचं नाव घेत नाही. इलाज काय काय झाले! लिंबू-मिरची बदलली. पेट्रोल पंप बदलला. हर्षलनं कुठलासा व्हिडिओ बघून प्लग बदलले. बदललं नाही ते फक्त घरच्यांचं मत.

शेवटी नानांनी निकाल दिला. "रविवारी सटाण्याचा माणूस येतोय. गाडी त्याला देऊन टाकू. सूनबाईनं आता घरी बसावं. द्राक्षाच्या शेडमध्ये माणूस लागतोच."

घरी बसायचं आणि शेडमध्ये दिवसभर उभंही राहायचं, हे दोन्ही एका वेळी कसं करतात ते काही त्यांनी सांगितलं नाही. मला रडू आलं, खरंच आलं. आठ वर्षांची नोकरी, आणि हे ओट्यावर बसून सुपारी कातरता कातरता संपवतायत! पण रडून चावी मिळत नाही. चावी नानांच्या बंडीच्या खिशात. म्हणून मी गरीब गाईसारखा चेहरा केला आणि म्हटलं, "नाना, विकायचीच तर दुरुस्त करून विकू. भाव चांगला येईल." भाव म्हटल्यावर बंडीतून चावी लगेच बाहेर आली.

शनिवारी रजा टाकून पेठ रोडला सावळीरामभाऊंच्या गॅरेजात गेले. आमचा ट्रॅक्टरही तेच बघतात. त्यांनी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि म्हणाले, "ताई, व्हॉल्व्हच्या टायमिंगचा कोड येतोय. इंजिनातले व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते ही गाडी स्वतःच मागंपुढं करते. चढावर वेगळं, सिग्नलला वेगळं. अन् ते करवून घेतं कोण, तर इंजिनातलंच तेल, दाबानं."

मग त्यांनी अंगठ्याएवढा एक भाग काढला. त्या तेलाला वाट देणारी तोटीच ती. बॅटरीची वायर लावली तशी टिक करून हलली. "ही जिवंत हाय," भाऊ म्हणाले. पण तिच्या जाळीत काळा चिखल बसला होता. त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली, बोटांवर तेल चोळलं आणि कपाळावर आठ्या. "काकवी हाय का काय ही? हे तर ट्रॅक्टरचं तेल! हिला पातळ लागतं. हे बघा, तेलाच्या झाकणावरच नंबर लिहिलाय."

मला आठवलं. महिन्यापूर्वी मी तीन दिवस माहेरी गेले होते. आले तर "गाडीची सर्व्हिसिंग घरीच करून टाकली" असं ऐकलं होतं. कुणी केली विचारलं, तर "झाली ना, मग झालं!"

भाऊंनी जाळी धुतली, सगळं तेल काढून पातळ घातलं, फिल्टर बदलला, कोड पुसला. मग मी ती रामशेज किल्ल्याच्या बाजूला चढावर नेली. दिवा गेला, थरथर गेली, आणि पाय टेकवताच गाडी अशी पळाली की मी एकटीच मोठ्यानं हसले.

परत येते तो गॅरेजात नाना हजर, हर्षलच्या मोटरसायकलवर मागं बसून आलेले. नाना दिसताच सावळीरामभाऊंचा कणा वितळला. ट्रॅक्टरचं गिऱ्हाईक ना! "नाना, तसं विशेष नव्हतं. ताई जरा... वरच्या गिअरवर चढ चढवतात, त्यानं..."

अरे वा रे पठ्ठ्या! दोन तासांपूर्वीचं निदान कुठं गेलं? पण मी भांडले नाही. मोठ्यानं एवढंच विचारलं, "भाऊ, तेल कुठलं घातलंत?"

"पातळच, ताई."

नाना ताडकन उठले. "पातळ? पाण्यासारखं? अक्कल हाय का? मी स्वतःच्या हातानं निळ्या ड्रममधलं चांगलं जाडजूड तेल ओतलं होतं! आमचा ट्रॅक्टर तीस वर्षं त्याच्यावर चालतोय!"

हर्षलला मोबाइलमध्ये एकदम फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं. मी बॉनेट उघडलं आणि झाकण काढून नानांच्या हातात दिलं.

"हे उघडूनच ओतलंत ना, नाना?"

"मग काय टपावरून ओतू?"

"त्याच्यावरच लिहिलंय कुठलं घालायचं ते."

नानांनी झाकण हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं, परत लांब धरलं. "लय बारीक लिहिलंय," ते म्हणाले.

"सटाण्याला फोन करा. गाडी विकायची नाही. आणि मी घरी बसणार नाही."

त्यांनी फोन केला. माझ्याकडं न बघता केला, पण केला.

संध्याकाळी नाना ओट्यावर चारजणांना समजावत होते, "हल्लीच्या गाड्यांना पातळच तेल लागतं. झाकणावर छापलेलं असतं, वाचायला पाहिजे. बायांना कुठं कळतंय!"

सोमवारी सहाला निघण्याआधी मी नेलपॉलिशची लाल बाटली घेतली आणि त्या झाकणावर लिहिलं: नाना, हात लावू नका. अक्षरं चांगली मोठी काढली.