पावसाखालची माती

मी गौरांग. अकोल्याचा, वकिलाचा पोरगा, आन् तोंडाचा तिखट. आज मात्र तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून लिहून राहिलो.

ट्रक चालवायच्या एका गेममधला पाऊस पाहून माझं डोकंच फिरायचं. पाऊस कसला, काचेवर मीठ फेकल्यासारखा. म्हणून दुसऱ्यांनी बनवलेले पाऊस इंटरनेटवरून उतरवून मी ते गेमले जोडायले लागलो. गेममधी अशी बाहेरून भर घालतात, त्याले मॉड म्हणतात. पोलंडच्या एकाच्या धारा झकास होत्या, पण त्याचे थेंब जमिनीवर फुटतच नव्हते. ब्राझीलच्या एकाचे थेंब मस्त फुटायचे, पण धारा दोरीएवढ्या जाड. दोन्ही एकदम टाकले तं मागून टाकलेला पहिल्याले खाऊन टाके. महिनाभर एकेक फाईल निवडली तवा कुठं धारा याच्या आन् थेंब त्याचे, असं जमलं.

जमीन मात्र कोणाचीच पसंत पडेना. मग वलगावच्या रोहितले सांगतलं. तो माझा कॉलेजातला दोस्त, त्याचं घर म्हणजे माझंच घर. त्यानं भर पावसात आपल्या वावरातल्या काळ्या मातीचे दोनशे फोटो काढले. त्याचे बाबा, भगवंतराव काका, त्याच्या मोबाइलवर छत्री धरून दोन तास चिखलात उभे होते. त्या फोटोंची जमीन केली आन् पावसात जीव आला.

मॉड इंटरनेटवर टाकला. पोलंडवाल्याचे आभार मानले, ब्राझीलवाल्याचेही मानले, कारण ते तक्रार करतील अशी भीती होती. रोहितचं नाव नाही लिहिलं. घरच्या माणसाचे कायले आभार मानायचे, असं मनाले समजावलं. खरं सांगू? मले एकट्यालेच मोठं व्हायचं होतं.

मॉड लय चालला. अमरावतीच्या एका कॉलेजानं बोलायले बोलावलं. रोहित आला, आन् इस्त्रीचा पांढरा सदरा घालून काकाही आले. माझ्या पाठीवर थाप मारून त्यांनी विचारलं, जेवला काय रे.

मी छाती फुगवून सांगतलं की पाऊस दुसऱ्यांचा, पण जमीन मी स्वतः कॉम्प्युटरवर बनवली. मग पडद्यावर पाऊस सुरू केला. काकांचं माझ्या भाषणाकडे ध्यानच नव्हतं. पडद्याकडे बोट करून ते शेजारच्या प्राध्यापकाले सांगून राहिले होते, हे आमचं वावर हाये. प्राध्यापक हसले, आन् ही माती खरंच यांच्या शेतातली आहे का, असं त्यांनी मलेच विचारलं.

सारा हॉल काकांकडे पाहत होता. रोहित माझ्याकडे. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही सर," मी म्हणालो, "ती मी बनवलेली आहे."

माझी वऱ्हाडीही तेवढ्यापुरती पळून गेली. पोरं हसली. रोहित उठायले लागला तं काकांनी हात धरून त्याले खाली बसवलं.

"माहीच चूक झाली सर," ते प्राध्यापकाले म्हणाले. "काळी माती सारी सारखीच दिसते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चालू द्या तुमचं, साहेब."

चार वर्षं ज्यांच्या चुलीपाशी बसून मी भाकर खाल्ली, त्यांनी मले साहेब म्हटलं. इतकी लाज वाटली की कान तापले. अजूनही खरं सांगता आलं असतं, माइक माझ्याच हातात होता. मी पुढची स्लाइड लावली.