नावाड्याची पोथी

"हे गाइड बोलतंय. तू कधी बोलणार?" एवढं म्हणून धम्मानंद सरांनी ऋतुजाला मधेच खाली बसवलं आणि वर्ग फिदीफिदी हसला. हसायला काय जातंय म्हणा! हसणाऱ्यांच्या दप्तरातही तेच गाइड होतं, त्याच पिवळ्या कव्हराचं. पण पाळी आली होती ऋतुजावर, आणि घाम फुटला होता तिलाच.

बीएच्या शेवटच्या वर्षाला एक जुनी, छोटीशी अमेरिकन कादंबरी होती. तिची थीम, भाषा आणि काळाचा संदर्भ यावर वर्गासमोर बोलायचं, त्याचे मार्क. सरांनी तिला पुढच्या सोमवारी आणखी एक संधी दिली. तेव्हाही गाइडच ऐकू आलं तर शून्य, आणि शून्य म्हणजे वर्ष गेलं. घरी बापानं, शिवकांतनं, आधीच बजावून ठेवलं होतं, "इंग्रजी तुझ्या हट्टानं घेतलंस. एकदा का नापास झालीस की सेलूच्या कॉलेजची बस बंद. दुकान हाय आपलं, गल्ल्यावर बसायचं." दुकानात वाईट असं काही नव्हतं. वालूरच्या पेठेतलं चांगलं चालतं किराणा दुकान ते. पण तिथं बसून जन्मभर साबण आन् साबुदाणा काढून द्यायचा, हे पोरीला मुळीच नको होतं.

घरात आणखी एक जण वैतागला होता. तिचे आजोबा, मन्मथअप्पा. श्रावण चालू, आणि नेमकं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मठात दर श्रावणात पोथी लागायची. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. अर्थ सांगायचा मान अप्पांचा. यंदा डॉक्टरनं गर्दीत आणि धुरात जायचं नाही म्हणून दटावलं. तेव्हापासून अप्पा काळा चष्मा लावून ओसरीवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचे.

दुपारी त्यांच्याच शेजारी बसून ऋतुजा घोकायला लागली. थीम पहिली, भीती. थीम दुसरी, गुलामी.

"काय पुटपुटायलीस गं?"

"कादंबरीचा अर्थ हाय, अप्पा. पाठ करायलेय."

"आन् ओवी कुठाय? मघापासून निसता अर्थच ऐकायलोय मी. ओवी वाचल्याबिगर अर्थ सांगायला मला तरी आजवर जमलं न्हाई, बाई."

ऋतुजाला राग आला. येणारच, खरं होतं ना ते! कादंबरी लायब्ररीतून आणून महिना झाला होता, पण उघडली होती कुणी? ती तणतणत आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. अप्पांनी लगेच तिला हातपाय धुवायला लावले, पोथीची लाकडी घडवंची मागवली आणि पुस्तकाला विभूतीचं बोट लावायला निघाले. आतून तिची आई, सविता, ओरडली, "मामा, लायब्ररीचं हाय ते! डाग पडंल!"

"पडू दे. पुण्यच लागंल लायब्ररीला."

मग वाचन सुरू झालं. ऋतुजा एकेक वाक्य इंग्रजीत वाचायची आणि आपल्या घरच्या बोलीत सांगायची. गोष्ट एका मोठ्या नदीची होती. नदीच्या दक्षिण काठाला माणसं विकली जायची, दात तपासून, दंड चाचपून, बाजारातल्या बैलासारखी. उत्तर काठाला तसा कायदा नव्हता. एक गुलाम नावाडी होता. मालकाचे पाहुणे आणि माल रोज पलीकडं पोचवायचा. रोज उत्तर काठावर पाय ठेवायचा आणि रोज संध्याकाळी होडी फिरवून गुलामीत परत यायचा.

"कामून?" अप्पा ताठ बसले. "तिकडंच पळून का जाईना?"

गाइडात उत्तर तयार होतं, भीती. अप्पांना ते पटलं नाही. त्यांनी मान डोलावून आपला अर्थ सांगितला, "ईमान हाय त्याला. मालकाचं मीठ खाल्लंय."

दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय वाचला आणि दोन्ही अर्थ भुईसपाट झाले. नावाड्याची बायको आणि लहानगी पोरगी मालकानं वाड्यात ठेवून घेतली होती. म्हणून तर त्याच्या हाती होडी दिली होती. अप्पांनी गुडघ्यावर हात आपटला.

"चुकलो गं," ते म्हणाले. "मी मालकाच्या बाजूनं अर्थ लावला."

तोवर शेजारची मनकर्णामावशी शेंगा फोडायचं निमित्त काढून ओसरीला चिकटली होती. तिच्यामागून आणखी दोघीतिघी आल्या. मनकर्णामावशीला मधेमधे बोलल्याशिवाय राहवायचं नाही. "काय मेली रीत म्हणावं! पाणी एकच, आन् ह्या काठाला ढोर, त्या काठाला माणूस?"

"आपल्या गावातबी पाणी एकच व्हतं, मनकर्णे," अप्पा म्हणाले. "आमी आडावर चढून दोर ओढायचो. आन् काही लोक खाली रिकाम्या घागरी घेऊन, कुणी वाढंल का म्हणून ताटकळत ऱ्हायचे. मी लहान व्हतो, आंधळा नव्हतो."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. ऋतुजानं पुस्तकातून मान वर केली. संदर्भ, संदर्भ म्हणून सर वर्गात कानीकपाळी ओरडायचे तो हा होता तर! तो तिच्या घरात, तिच्या अप्पांच्या तोंडून निघाला होता.

मग तिचं तिलाच दिसायला लागलं. नावाडी मालकासमोर तोंडातल्या तोंडात, मोडकंतोडकं बोलायचा. गाइडात लिहिलं होतं की तो अडाणी, म्हणून त्याची भाषा अशी. पण बायकोशी बोलताना तोच माणूस किती लांब, किती नितळ बोलायचा! अडाणी कसला? मालकाला आपलं खरं बोलणं द्यायचंच नाही, असं ठरवलेला माणूस होता तो. पोरीचा आनंद गगनात मावेना. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

रविवारी शेवटचा अध्याय आला. मनकर्णामावशी समाप्तीसाठी नारळ घेऊनच आली होती. पहाटेचं धुकं, होडीत गोणपाटाखाली बायको आणि पोर, दक्षिण काठावर बंदुका घेतलेली माणसं. होडी मध्यावर आली. बार झाला. धुकं दाटलं, होडी दिसेनाशी झाली. ऋतुजा थांबली.

"वाच की," अप्पा म्हणाले.

"संपली."

"संपली म्हंजे? माणूस पाण्यात हाय!"

"अगं बाई, लेकरू हाय त्यात!" मनकर्णामावशी उठून उभी राहिली. "अशी कुठं पोथी ठेवतेत का?"

नसतातच ठेवत. संकटात सापडलेल्याला सोडवल्याशिवाय अध्याय थांबवायचा नाही, ही मठाची रीत ऋतुजालाही ठाऊक होती. ती रडकुंडीला आली. "लेखकानं इथंच ठेवलीय. मी काय करू?"

ओसरीवर कुणी कुणाकडं बघेना. एका परक्या मुलखातल्या, कधी न पाहिलेल्या माणसासाठी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी अप्पांनीच घसा खाकरला.

"आमच्यात शेवटची ओवी झाली की पोथी लगीच मिटत न्हाईत. पयल्या पानावरच्या चार ओव्या वाचायच्या, मगच मिटायची. काढ पयलं पान."

पहिलं पान ऋतुजानं वाचलंच नव्हतं. गोष्टीच्या आधी एक सुटं पान होतं आणि 'परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही' असं गाइडानं सांगितलं होतं. तिनं ते उघडलं, डोळे पुसले आणि सांगायला लागली, "नदीच्या उत्तर काठावर, माझ्या बापानं म्हातारपणी लावलेल्या अक्रोडाच्या सावलीत बसून मी म्हातारी हे लिहायलेय. पलीकडचा काठ इथून स्पष्ट दिसतो, आणि गोणपाटाचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही."

ती एकदम थबकली. तिनं तीच ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली.

"अगं काय झालं?" आतून सविता धावत आली.

"आई... ही ती पोरगी हाय. होडीतली. म्हातारी झालीय." ऋतुजा अप्पांकडं वळली. "आन् अप्पा, झाड त्यानं लावलंय. उत्तरेच्या काठावर. आन् तेबी म्हातारपणी! पोचला तो. पोचला आन् जगला!"

मनकर्णामावशीनं नारळ पायरीवरच आपटला. अप्पांनी काळा चष्मा काढला. डोळ्याला पाणी लागू देऊ नका असं डॉक्टरनं सांगितलं होतं, ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ऋतुजा नुसती त्या पानाकडं बघत राहिली. सातासमुद्रापलीकडं कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी उत्तर पहिल्या पानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवलं होतं, आणि तिच्यासारख्या किती जणांनी ते पान उलटून टाकलं होतं! असं पुस्तक माणूस लिहितो? माणसाला लिहिता येतं?

सोमवारी ती वर्गासमोर उभी राहिली तेव्हा हातात कागद नव्हता. आडाचं पाणी सांगितलं, नावाड्याच्या दोन भाषा सांगितल्या, अप्पांचा आणि गाइडचा, दोघांचाही अर्थ कसा चुकला तेही सांगितलं. मागच्या बाकावरचं कुजबुजणं कधी थांबलं ते कळलं नाही.

धम्मानंद सर खिडकीपाशी उभे होते. दरवर्षी सगळ्यांना विचारायचे तो प्रश्न त्यांनी विचारला, "मग, तो पोचला का?"

दरवर्षी पोरं सांगायची की लेखकानं शेवट मोकळा ठेवलाय. ऋतुजानं पहिलं पान काढलं आणि ती ओळ वाचली. आधी इंग्रजीत, मग मराठीत.

वर्गाला उमगायला थोडा वेळ लागला. मग कुणीतरी "आयला!" म्हणालं, आणि जो तो पुस्तकासाठी शेजाऱ्याशी झोंबू लागला. सर मात्र हललेच नाहीत.

"हे मी कधी नोट्समध्ये दिलं न्हाई," ते म्हणाले. सर वर्गात कधी गावच्या बोलीत बोलायचे नाहीत, आज बोलले. "दिलं असतं तर पुढच्या साली गाइडात आलं असतं. कुणीतरी सोता येऊन मला सांगावं, म्हणून इतकी वर्षं वाट बघायलो." त्यांनी तिच्या नावापुढं पैकीच्या पैकी मार्क लिहिले आणि पेन तसंच उघडं टेबलावर ठेवलं. "मी हे पयल्यांदा वाचलं ना, त्या दिवशी तास सोडून आमच्या घरी, चुडाव्याला गेलो व्हतो. गावची वेठ सोडून तिथं आल्यावर माझ्या बापानं स्टेशनापाशी एक कडुलिंब लावलाय. तोवर तो मला निसता लिंबच वाटायचा."

सर समोरच्या बाकावर, पोरांच्यात जाऊन बसले.

"परत वाच, बाई," ते म्हणाले. "सावकाश वाच."