झाकलेला देवमासा

टेकडीच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत नोरीनच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. धाकटा भाऊ लायल वाळूच्या बादल्या घेऊन आधीच वर पोहोचला होता आणि खडकावर बसून माश्या हाकलत होता.

"या, महाराणी. हेलिकॉप्टर मागवू का?"

"तोंड चालवण्यापेक्षा फावडं चालव."

त्या खडकावर त्यांच्या आदिवासी पूर्वजांनी कोरलेला देवमासा होता. लहानपणी आईने दोघांना इथे आणलं होतं. पुढे नोरीनने आयुष्यभर पायवाटेवरच्या लोकांना तो दाखवला. बूट काढा, कडेने चला, रेषेवर उभे राहू नका. लोक हो हो म्हणायचे. यंदा ईस्टरच्या सुट्टीत मात्र कोणीतरी फोटोत उठून दिसाव्यात म्हणून रेषा खिळ्याने खरवडल्या. सायकली तर थेट देवमाशाच्या डोळ्यावरून गेल्या. शेवटी जमातीतल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत देवमासा झाकून टाकायचं ठरलं. पहिला हात नोरीननेच वर केला होता.

जाड कापड अंथरून दोघांनी डोक्याकडून वाळू पसरायला घेतली. शेपटी तेवढी उरली, तोच एक जोडपं वर आलं.

"इथे देवमासा आहे ना?" माणसाने नकाशा पुढे केला.

"समुद्रात बघा. या दिवसांत पुष्कळ असतात," लायल म्हणाला.

"इथेच आहे," नोरीन म्हणाली. "झाकतोय आम्ही त्याला."

"अहो, पण आम्ही खास त्याच्यासाठी आलो!" बाई कळवळली. "शेपटी तरी बघू द्या."

नोरीनला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. तिने कापडाची कड मागे सारली. बाई वाकली, "किती सुंदर!" म्हणाली, आणि नीट दिसावं म्हणून पुढे सरकली. बूट नेमका रेषेवर पडला.

लायल उसळून काही बोलणार, तोच नोरीनने त्याला हाताने थांबवलं.

"पाय," ती एवढंच म्हणाली.

बाई चटका बसल्यासारखी मागे झाली. "सॉरी हं, माझं लक्षच नव्हतं."

"कोणाचंच नसतं." नोरीनच्या आवाजात रागही नव्हता.

जोडपं गुपचूप खाली उतरलं. लायलने शेपटीवर वाळू ओतली, नोरीनने वर निलगिरीचा पाला पसरला. हे झालं की मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

लायलने थर्मासमधला चहा तिच्या हातात दिला. "आई काय म्हणाली असती गं?"

"म्हणाली असती, एवढा उशीर का केलात."

चहा निवून गेला तरी ती तशीच बसून होती. मग लायलने हात देऊन तिला उठवलं.

"पुढच्या शनिवारी पलीकडच्या खडकावरचा कांगारू झाकायचा."

"शनिवारी नाही," नोरीन म्हणाली. "शनिवारी मी झोपणार आहे."