देवाची मर्जी

शिवणकारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या खोलीत दोघीच होत्या. एक ताई, कारखान्यातली सर्वांत जुनी इस्त्रीवाली; तिला मालकसुद्धा ताईच म्हणत. दुसरी बटणवाली, काजं-बटणं करणारी विशीतली पोर, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. दाराला बाहेरून कुलूप होतं. दोघींनी दार बडवलं, घसा फुटेस्तोवर ओरडल्या, पण कोणी आलं नाही. शेवटी ताई मोरीच्या झरोक्यातून अंग सोलवटत कशीबशी बाहेर पडली, आणि वळून तिने हात आत घातला. तो कोणी धरला नाही.

"देवाने वाचवलं हो तुम्हाला!" भेटेल तो म्हणायचा. ताईही मान डोलवायची. प्रार्थना केल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी बाई ती. पण डोक्यातून एक गोष्ट जाईना. खोली एक, धूर एक. मग त्याचा हात माझ्यापर्यंतच कसा पुरला?

प्रार्थनेच्या जागी बसणाऱ्या म्हातारबुवांना तिने विचारलं.

"त्याच्या मनातलं आपल्याला काय कळणार, ताई?" ते म्हणाले.

त्याच्या मनातलं नाही कळत, पण कुलूप कोणी घातलं ते तर कळतं, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. कारण कुलूप घालणारा मुकादम तिचा धाकटा भाऊ होता. आईवडील गेल्यावर तिने त्याला लहानाचा मोठा केला होता. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आता ती त्याच्याच घरी, चुलीजवळच्या कोपऱ्यात अंथरूण टाकत होती. कपडे चोरीला जातात, कामाच्या वेळी दार बंद ठेव, असं मालकांनी सांगितलं आणि भावाने ते निमूट ऐकलं. आग लागली तेव्हा तो समोरच्या टपरीवर चहा पीत होता. किल्ली त्याच्या खिशात होती.

मालकांनी कारखान्याच्या आवारात प्रार्थनासभा ठेवली. ताईने दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा होती.

"एवढंच म्हण, देवाची मर्जी," भाऊ म्हणाला. "तूच असं म्हणालीस की चौकशीवालेही फार खोलात शिरणार नाहीत."

"आणि मी तसं नाही म्हणाले तर?"

उत्तर भावजयीने दिलं, भाजी चिरता चिरता, वर न बघता. "तर हे आत आणि आम्ही रस्त्यावर. तुम्ही कुठे जाल ते तुमचं तुम्ही बघा."

कारखान्यात निदान झरोका तरी होता. या घरात तिला तोही दिसेना.

सभेत बटणवालीची आई अगदी पुढे बसली होती. रडून रडून डोळे कोरडे पडलेले. मागे चौकशी अधिकारी उभे होते. ताई उठली. "देवाची..." म्हणाली आणि अडखळली. जन्मभर ज्याचं नाव घेतलं, त्याच्या माथी हे मारायचं? तो काही इथे येऊन नाही म्हणणार नव्हता.

"देवाने काही केलं नाही," ती म्हणाली. "दाराला बाहेरून कुलूप होतं. मालकांनी सांगितलं, माझ्या भावाने घातलं. आणि आम्ही सगळे ते रोज बघत होतो. मीसुद्धा."

भाऊ खाली मान घालून बसला होता.

मालकांना आणि त्याला, दोघांनाही पकडलं. काही महिन्यांनी भाऊ जामिनावर सुटून आला. भावजयीने ताईला घराबाहेर काढलं नाही. फक्त बोलणं टाकलं. ताट समोर सरकवायची, तेही आदळून.

एका संध्याकाळी भाऊ जवळ येऊन बसला. "ताई, तुला जमलं तरी कसं?"

"जमलं कुठे? अजून जमत नाही."

"देव मला माफ करेल?"

"त्याचं मी काय सांगू? त्या पोरीच्या आईकडे जाऊ या. मी येते बरोबर."

"उद्या जाऊ," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला. मग ताईनेही विचारायचं सोडलं.

ती अजून रोज प्रार्थनेला बसते. त्या पोरीच्या आईला झोप लागू दे, एवढं नीट म्हणून होतं. मग भावाचं नाव तोंडाशी येतं. ते घ्यावं की नाही हे तिला ठरवता येत नाही, आणि चहा निवून जातो.