वस्तादांचा खुराक

वालूरच्या तालमीचे आश्रुबा वस्ताद साठीत आले आणि त्या वर्षी मुदतीच्या तापानं त्यांना धरलं. ताप गेला, पण जाताना अंगावरचं मांस घेऊन गेला. मांड्या काठीसारख्या झाल्या. बाजेवरून उठायचं तर दोन्ही हात टेकावे लागत.

घरात चंद्रभान होता. आईबाप पटकीत गेले तेव्हा वस्तादांनी त्याला उचलून आणलं, वाढवलं, लंगोट बांधायला शिकवलं. वस्तादांना बायको-मूल नव्हतं. आता पंचविशीतला हा पठ्ठा पंचक्रोशीत नावाजलेला होता.

सेलूच्या डॉक्टरांनी वस्तादांना तपासलं आणि सरकारकडून आलेल्या दुधाच्या भुकटीचे डबे दिले. "म्हातारपणी मांस झडलं की नुसत्या भाकरीवर भरून येत नाही. रोज दोनदा ही कोमट पाण्यात कालवून घ्या आणि घरातल्या घरात थोडं चाला," ते म्हणाले. डबे संपले की चंद्रभान नवे घेऊन यायचा. सकाळ-संध्याकाळ पितळी पेला वस्तादांच्या हातात द्यायचा. आत पांढरट, गुळचट, घशाला चिकटणारं काहीतरी असायचं.

"सरकारी दूध हाय, वस्ताद. असंच लागतंय," तो म्हणायचा. "अंगात बळ आल्यागत वाटायलंय का?"

"वाटायलंय की," वस्ताद म्हणायचे. पाय तर दिवसेंदिवस जास्तच लटपटत होते. पण पोरगं एवढं करायलंय, त्याला वाईट वाटू नये. शेजारच्या गोजरबाईला ते कौतुकानं सांगायचे, "पोटच्यानं केलं नसतं एवढं."

माघात डॉक्टर देवीची लस टोचायला वालूरला आले. आठवणीनं वस्तादांकडं डोकावले आणि त्यांचे पाय बघून चमकले. चंद्रभान तालमीत होता. डॉक्टरांनी कोनाड्यातला डबा काढला. डबा निम्मा झाला होता. गोजरबाईकडून कोमट पाणी मागवून त्यांनी स्वतः दूध कालवलं.

वस्तादांनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"हे काय हाय?"

"तुमचं दूध. रोज पिता तेच."

"न्हाई," वस्ताद हळू म्हणाले. "हे मी कधी पिलोच न्हाई."

गोजरबाईनं चुलीजवळचं भांडं आणलं. सकाळच्या पेल्यातलं उरलेलं त्यात होतं. तिनं बोटानं चाखलं. "तांदळाचं पीठ हाय, दादा. गूळ घालून शिजवलेलं."

चंद्रभान अंगाला माती लागलेलाच घरी आला. डॉक्टर गेले होते. पेला वस्तादांसमोर तसाच होता. त्यानं एकदा पेल्याकडं पाहिलं, एकदा वस्तादांकडं.

"पोखर्णीच्या जत्रेत माझी मोठी कुस्ती हाय," तो म्हणाला. "त्या दुधाबिगर मला खुराकाला दुसरं काय होतं घरात? तुमी तर बसूनच असता. तुमाला आता ताकद घेऊन कुठं लढायचंय? आन जिंकलो तर नाव तुमचंच होणार."

"मला परसाकडं जायला दुसऱ्याचा हात लागतो, चंद्रभान." वस्तादांचा आवाज चढला नाही. "तू रोज इचारत होतास, बळ आलं का म्हणून. तुला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणत होतो. तवा तुला काईच वाटलं न्हाई?"

 चंद्रभान खुंटीवरचा सदरा घेऊन तालमीत राहायला गेला.

पुढं दूध गोजरबाई कालवू लागली. वस्ताद भिंत धरून चालू लागले, मग काठी घेऊन. जत्रेपर्यंत ते आपल्या पायांनी उंबऱ्याबाहेर येऊन ओट्यावर घोंगडी टाकून बसत होते.

पोखर्णीची कुस्ती चंद्रभाननं मारली. डोक्यावर फेटा, पुढं हलगी, अशी मिरवणूक वस्तादांच्या दारात आली. तो पाया पडायला वाकला. साऱ्या गावासमोर वस्तादांनी पाय वर घेऊन मांडी घातली. चंद्रभानचे हात घोंगडीवर टेकले. हलगी थांबली. का ते वस्तादांनी कुणाला सांगितलं नाही, गोजरबाईनंही नाही. चंद्रभान त्याच आठवड्यात परभणीला निघून गेला.

वस्ताद पुढं बरीच वर्षं जगले, तालमीत काठी टेकत जाऊन पोरांना डावही सांगत. पण कुणी हातात पेला दिला की पिण्याआधी देणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायची सवय त्यांना लागली, ती सुटली नाही. गोजरबाईला याचा राग आला नाही. ती आधी तळहातावर थोडं ओतून स्वतः प्यायची आणि मग पेला पुढं करायची.