डाव्या पायाचा ब्रेक

 गेल्या वर्षी आमचे हे गाडीसकट खडीवरून घसरले, उजव्या पायात सळई घालावी लागली, आणि तेव्हापासून रस्त्यावर कुठेही ब्रेक करकचला की शिलाई मशीनवरचा माझा पाय जागीच थांबतो. आणि आता ह्यांना चांगली चालती गाडी विकून दुसरी मोटारसायकल घ्यायची होती. तीही कुठली, तर युरोपातल्या कुठल्याशा कंपनीची. नाव घेताना जीभ मुरगळते.

"अहो, ती कंपनी बंद पडून जमाना झाला. सुटे भाग कुठून आणणार? स्वर्गातून?"

"मागवले की येतात गं."

"आणि येईपर्यंत काय, दारात उभी करून धूळ पुसायची?"

हे हसले, पण हट्ट सोडला नाही. मला तेच खटकत होतं. हा माणूस साधं बनियन घ्यायला चार दुकानं पालथी घालतो.

गॅरेजमध्ये पोचलो तशी गॅरेजवाल्यानं चादर ओढली. खाली हिरवी, पोचे पडलेली, जुनाट गाडी. माणूस मात्र सरळ होता.

"वहिनी, खोटं बोलणार नाही. हिचं सगळं उलटं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सवय नसलेला माणूस घाबरला की ब्रेक समजून गिअरच दाबतो."

मी ह्यांचा दंड धरला. "ऐकलंत? चला घरी!"

"एक चक्कर मारून येतो," म्हणत हे निघालेसुद्धा. पायात सँडल. बूट घाला म्हणून घसा कोरडा केला होता मी, पण ऐकतंय कोण!

आवाज चढावावरून वर गेला आणि विरला. गॅरेजवाला काहीबाही बोलत होता, मला एक अक्षर कळत नव्हतं. डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं. मग आवाज परत आला, उतारावरून, वेगात. नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरून एक हातगाडी आडवी आली. मी डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा मोटारसायकल हातगाडीपासून हातभर अंतरावर उभी होती. हातगाडीवाला शिव्या घालून निघून गेला. मी धावत पोचले, तर हे सीटवर बसून हसत होते.

"पाहिलंस? थांबली! जिथे थांबवली तिथे थांबली!"

त्यांचे डोळे भरून आले होते. गाडी थांबली म्हणून कुणी रडतं का? तेवढ्यात मला जळका वास आला.

"इंजिन तापलंय," हे म्हणाले.

मी खाली पाहिलं. ह्यांचा उजवा उघडा घोटा धुराच्या तापलेल्या नळीला चिकटून होता.

"पाय! अहो, पाय काढा!"

"कुठला?"

मी दोन्ही हातांनी पाय ओढला. कातडी सोलून निघाली होती. हे तिच्याकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसे बघत होते. गॅरेजवाला पाण्याची बादली आणायला पळाला. मी ओढणीची टाचणी काढून त्यांच्या त्याच पायाच्या अंगठ्याला टोचली. पाय जरासुद्धा हलला नाही.

"कधीपासून?"

"प्लॅस्टर काढल्यापासून. वाटलं, जाणीव येईल परत." त्यांनी मान खाली घातली. "म्हणून तर ही बघितली. हिचा ब्रेक डाव्या पायाला आहे."

"आणि आपल्या गाडीचा?"

त्यांनी पॅन्टची कड खाली ओढली. मग हळूच म्हणाले, "हाताच्या ब्रेकवर भागवतो. पायाचा दाबला गेलाय की नाही, कळत नाही."

मेली ती परदेशी गाडी! तिचाच मी सकाळपासून धसका घेऊन होते, आणि इथवर आले होते आमच्याच गाडीवर, ह्यांच्या पाठीशी बसून. वर वाटेत मीच म्हणालेही होते, "जरा दामटा ना, उशीर होतोय." रोज सकाळी त्याच गाडीवर आमची लेक, चिमणी, शाळेत जाते, पुढे टाकीवर बसून.

"शाळा सुटायची वेळ झाली," हे सवयीनं खिशात आमच्या गाडीची किल्ली चाचपत म्हणाले. "चल, तिला घेऊन येऊ."

मी किल्ली हिसकावली आणि गॅरेजवाल्याकडे दिली. ह्यांना पाय बादलीत ठेवून बसवलं.  

शाळेच्या फाटकाशी चालत गेले. चिमणी दप्तर उडवत धावत आली, इकडेतिकडे बघितलं आणि नेहमीसारखे दोन्ही हात वर केले, टाकीवर बसवा म्हणून. मी तिला उचलून छातीशी धरलं, आणि घर येईपर्यंत खाली ठेवलं नाही.