सहा इंचांचं भोक

इंगवाल्डच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि शिक्षा मला झाली. डॉक्टरांनी बजावलं, गळ टाकायला तळ्याच्या बर्फात भोक पाडायचं हाताचं गिरमीट बंद. दोरी ओढून सुरू करायचं पेट्रोलचंही बंद. एकट्या डाव्या हाताने चालेल असं काही मिळालं तर मासे धरायला तळ्यावर जा, नाहीतर घरी बसा. घरी म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात. एकाहत्तर वर्षांचा हा माझा नवरा नोव्हेंबरभर तिथे खुर्ची टाकून मला बटाटे कसे सोलायचे ते शिकवत होता. तोंडाने बटाटे आणि डोळे मात्र खिडकीबाहेर, गोठत चाललेल्या तळ्यावर. मला त्याचा रागही येत होता आणि कीवही.

म्हणून बॅटरीवर चालणारं गिरमीट घ्यायचं ठरलं. दुकानात दोन होती, एक दहा इंची भोक पाडणारं आणि एक सहा इंची. सहा इंची मी एका हाताने उचलून दाखवलं. तिथेच ते त्याच्या मनातून उतरलं.

"यातून काय वर येणार? मिशा?"

"पर्च येईल. वीतभर तर मासा."

"आणि हातभर लांबीचा पाइक मासा लागला तर?"

"चाळीस वर्षांत कधी लागलाय?"

दुकानदार भला माणूस. म्हणाला, दोन्ही घरी न्या, करून बघा. तळं अजून नीट गोठलं नव्हतं, म्हणून मी कपडे धुवायच्या जुन्या टबात पाणी भरून तो अंगणात ठेवला. चार दिवसांत त्याचा दगड झाला.

पहिली पाळी दहा इंचीची. पातं बर्फात अडकलं. टब जागचा हलेना, तेव्हा फिरायचं काम इंगवाल्डने केलं. दीड गिरकी घेऊन तो बर्फात बसला. कुंपणापलीकडून शेजारच्या लॉइडने टाळ्या वाजवल्या.

"बर्फ तिरका होता," इंगवाल्ड म्हणाला.

नाचता येईना, अंगण वाकडं. अंगण माझं होतं आणि चांगलं सरळ होतं. सहा इंचीने मात्र डाव्या हाताने बर्फ पार केला, आणि टबाचा तळही. तेच घेतलं.

डिसेंबरच्या मध्यावर तळ्याने माणसांचं वजन पेलायला सुरुवात केली. थंडीने बॅटरी मरते, म्हणून तो ती कोटाच्या आत छातीशी धरून माझ्याबरोबर तळ्यावर निघाला. लग्नात मला इतकं जपून धरलं नव्हतं.

"कॉफीचा कप ठेवायची सोय केलीस का रे?" इंगवाल्डने पाडलेलं भोक बघून, जवळच गळ टाकून बसलेल्या लॉइडने विचारलं.

इंगवाल्ड उत्तर देणार तोच गळ ओढला गेला. चाळीस वर्षं न आलेला पाइक त्याच दिवशी आला. तोंडाचं टोक भोकात दिसलं आणि डोकं अडकलं. लॉइड आपलं दहा इंची घेऊन धावला.

"सरक, मी पाडतो."

"हात लावून तर बघ."

भोक अपुरं पडलं की आम्ही सगळे त्याला चिकटून दुसरं पाडतो आणि दोन्ही एक करतो. इंगवाल्डने गळाची दोरी डाव्या हातात धरली आणि तेच सुरू केलं. आणि आम्ही सगळ्यांनी एकदा तरी केलेली चूकही केली. पातं दोरीला लागलं आणि दोरी तुटली. पाइक निवांत खाली गेला.

लॉइडने टोपी काढली. मोठा मासा गेला की आमच्याकडची माणसं मयताला आल्यासारखी उभी राहतात. मी मात्र माशाकडे बघतच नव्हते.

"इंगवाल्ड, दोरी कुठल्या हातात होती?"

"डाव्या."

"मग गिरमीट?"

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. गिरमीट अजून तिथेच होतं. त्याने खांदा हळूच वर केला, खाली केला, परत वर केला.

"दुखलं नाही गं," तो म्हणाला.

मला रडू आलं. थंडीत सगळ्यांचीच नाकं वाहत असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"म्हणजे आता दहा इंची घ्यायला हरकत नाही," लॉइड म्हणाला. इंगवाल्ड आशेने माझ्याकडे बघू लागला.

"घे की," मी म्हटलं. "आधी मला नवा टब आण."